ऐकून पाहिलं

सौरभ, हसू नको. तू हेडफोन दिलास, मी आधी सरळ घातला, मग उलटा करून परत घातला, तर तुला वाटलं हिला डावा-उजवा कळत नाही. कळतो. का करते ते सांगते, पण मध्ये कुणी बोलायचं नाही, मी एकदा थांबले की पुढचं सांगायची नाही. स्नेहाला थोडं माहितीये. स्नेहा, तू पण गप.

तर आमच्या नारायणगुड्याच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू होता, उदयदादा. पुण्याचा. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि तो माधापूरला एका कंपनीत. त्या वेळी कसं होतं आठवतं ना, रोज नवी काचेची बिल्डिंग आणि रोज पुण्या-मुंबईचं एक नवं पोरगं खोली शोधत दारात. बाबा एकट्या पोराला खोली द्यायला तयार नव्हते, पण आई म्हणाली, मराठी बोलतो, ठेवून घेऊ. आता आमची मराठी कशी, निजामाच्या वेळेपासून इथली, त्याला ती ऐकून हसू यायचं. मी 'म्हणलं' म्हणलं की तो हळूच 'म्हटलं' म्हणायचा. मी म्हणायचे, तुमचं पुणं पुण्यात ठेवा, इथं नक्को. सहा-सात महिन्यांनी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा 'हो'च्या जागी आमचं 'हौ' निघालं, तर आईनं फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले.

जेवण आमच्याकडेच. वर तो कायम हेडफोन घालून बसलेला, हाक मारून उपयोग नाही, म्हणून आई जिन्याच्या दिव्याचं बटण खालून दोनदा चालू-बंद करायची. दिवा मिचकला की समजायचं, ताट वाढलंय. आणि आईचं एक दुखणं होतं, की हा मुलगा मला उत्तर देत नाही. ती वाढायला यायची, भात घालू का विचारायची, हा गप. मग ती घालायची. परत विचारायची, परत गप. हा बिचारा सगळं संपवायचा. आई म्हणायची, पुण्याची माणसं बोलत नाहीत पण खातात बरं. लक्षात ठेवा हे.

आता त्याचं वरचं काम. नोकरीचं नाही, दुसरं. ती फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम नाही का, पेंग्विनवाली, जगभरातली माणसं मिळून लिहितात ती, तिच्यातले आवाजाचे ड्रायव्हर हा बघायचा. म्हणजे कॉम्प्युटरमधलं साउंड कार्ड असतं, त्याला वाजव म्हणून सांगणारा कोड. जुन्या, कुणी विचारत नाही अशा कार्डांचे ड्रायव्हर याच्या वाट्याला. कोठीच्या बाजारात गुजराती गल्लीत भंगारातनं ती कार्डं शोधून आणायचा, ब्रशनं पुसायचा, आणि इतका खूश व्हायचा की मी त्याला विचारायचे, लग्न कधी, हिच्याशीच का?

आणि काम काय, तर आवराआवर तपासायची. कुठूनही कुणीतरी मेल पाठवायचं, की हा कोड फार पसरलाय, मी आवरलाय, घ्या. कामात फरक नाही, नुसतं नीटनेटकं केलंय. ते उदयदादानं ओळ न् ओळ वाचायचं आणि सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायचं, हे ठीक, हे चुकलं, हे परत कर. मी एकदा म्हणलं, आवरलेलंच तर आहे, त्यात काय बघायचं? तो म्हणाला, "आवरताना माणूस काय काय फेकतो, ते बघायचं."

सगळं पटलं की तो खाली आपलं नाव टाकायचा. त्याचे दोन प्रकार. एक नुसतं 'वाचून पाहिलं'. दुसरं 'ऐकून पाहिलं', म्हणजे कार्ड लावून, हेडफोन घालून, स्वतःच्या कानानं. ते इंग्रजीत असायचं, आमच्या घरात मात्र त्याला हेच नाव पडलं होतं. आणि उदयदादानं 'ऐकून पाहिलं' लिहिलं की पुढं कुणी ऐकत बसायचं नाही. जर्मनीत, जपानमध्ये, कुठेच. या पोरानं ऐकलंय ना, मग झालं. पगार एका रुपयाचा नाही, पण ती ओळ लिहिताना त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. आम्ही दहावीच्या निकालाला नाही एवढे खूश होत.

मग त्या पावसाळ्यात कुठल्या तरी कॉलेजातल्या पोरानं एक आवराआवर पाठवली. ड्रायव्हरमध्ये डाव्या बाजूचा आवाज आणि उजव्या बाजूचा आवाज यांचा कोड वेगवेगळा लिहिलेला, जवळजवळ सारखाच. पोरगं म्हणालं, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, दोनदा कशाला लिहायचं, मी एकच केलं. उदयदादानं वाचलं, छान आहे म्हणाला. लावलं, एक गाणं वाजवलं, सगळं ऐकलं, 'ऐकून पाहिलं' लिहिलं, आणि खाली येऊन आईच्या हातची भाकरी खाल्ली.

काही आठवड्यांनी ब्राझीलहून एकाचा मेल. त्याचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. छोट्याशा गावात जुन्या कॉम्प्युटरवर रेडिओ चालवायचा, गावापुरता. तेच कार्ड. म्हणाला, नवीन सिस्टिम टाकल्यापासून डाव्या बाजूनं करकर येतेय. उदयदादानं परत कार्ड लावलं, परत ऐकलं, काही नाही. लिहिलं, माझ्याकडे येत नाही, तुमची वायर तपासा. त्यानं वायर बदलली. करकर आहेच. उदयदादानं लिहिलं, मग स्पीकर गेला असेल. त्या माणसानं नवीन स्पीकर आणला हो! आणि परत लिहिलं, आहेच. मग आपला पुणेकर जागा झाला. लिहिलं काय, तर मी या कार्डावर इतकी वर्षं ऐकतोय, दोष असता तर मला ऐकू आला असता. एवढं सरळ, एवढं नम्र, आणि एवढं झोंबणारं. मला वाचून दाखवलं, मी टाळ्या वाजवल्या. त्या माणसानं मग काही लिहिलंच नाही. त्याचा रेडिओ तेव्हा बंद होता हे आम्हाला नंतर कळलं.

पण मग दुसऱ्या एकाचं तेच आलं. डावी बाजू, करकर.

रविवार होता. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते, तर वरून हाक, प्रणिता, जरा ये गं. गेले. म्हणाला, हे घाल आणि सांग, काही करकर येते का. कसं सांगितलं माहितीये, जसं आपण लहान पोराला पंच म्हणून उभं करतो ना, भांडण मिटवायला, तसं. उत्तर त्याला ठाऊकच होतं. मी घातला हेडफोन. गाणं सुरू झालं. आणि मला लगेच ऐकू आलं, लगेच, म्हणजे शोधायची गरजच नाही. तव्यावर मोहरी तडतडावी तसं, डाव्या कानात.

मी म्हणलं, "आहे की. डावीकडं."

तो हसला. म्हणाला, मस्करी नको. मी म्हणलं, आईशप्पत. आणि मला काय वाटलं सांगू, मला वाटलं मी जिंकले. इतके दिवस 'म्हणलं'ला 'म्हटलं' करतो ना, घे आता, तुला जे सापडलं नाही ते मला एका मिनिटात. मी नाचले असेन थोडी.

त्यानं हेडफोन काढून घेतला. स्वतः घातला. डोळे मिटून ऐकलं. मान हलवली, नाही. मग काय सुचलं काय माहीत, हेडफोन उलटा केला. डाव्याची बाजू उजव्या कानावर. आणि त्याचा चेहरा थांबला. म्हणजे कसं सांगू, हलायचाच थांबला. परत सरळ केला. परत उलटा. परत सरळ. मी उभीच. गाणं संपलं, त्यानं पहिल्यापासून लावलं. मग हेडफोन हळूच टेबलावर ठेवला, खिशातनं मोबाईल काढला, मला दाखवला आणि म्हणाला, "घरच्या फोनवरनं याच्यावर फोन कर. आणि काहीही बोलत राहा."

मी खाली आले, लावला फोन, काय बोलू, काय बोलू, तर आई भाजी निवडत होती तेच सांगत बसले, आज गोंगुऱ्याची भाजी, बाबांना आंबट नको, असलं. पलीकडनं काहीच नाही. हॅलो, हॅलो. बऱ्याच वेळानं तो बोलला. म्हणाला, "आता उजव्या कानाला लावलाय. परत सांग, कुठली भाजी?"

मी सांगितली.

मला अजूनही पूर्ण कळलं नव्हतं. आईला कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं तशी आई निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, मी त्याच्या डाव्या बाजूनं वाढते गं. बस्स. तेवढंच म्हणाली. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू भिंतीला, तिला वाढायला यायला तेवढीच जागा. वर्षभर ती त्याच्या डाव्या कानाला विचारत होती, भात घालू का. आणि तो वर्षभर, पानात पडलं ते टाकायचं नाही म्हणून, खात होता. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं हो. हळूहळू गेलेलं कळत नाही म्हणे, दुसरा कान सांभाळून घेतो. त्या दिवसापासून आईनं टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलं. आम्हाला फ्रिज उघडताना अंग चोरून उभं राहायला लागायचं, पण ती उजवीकडनं वाढायची.

डॉक्टर म्हणाले, ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. कॅन्सर नाही. पण काढायला लागेल, आणि तो कान परत येणार नाही. उदयदादा म्हणाला, चालेल, एक आहे ना. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा फोटो दाखवला. उजवीकडेही होती. लहान. कधी वाढेल सांगता येत नाही, वर्ष, चार वर्षं. पुण्याहून वंदनाकाकू आल्या, त्याची आई. त्या आमच्या आईजवळ बसून रडल्या, त्याच्यासमोर नाही.

आणि हा काय करत होता? हा वर बसून मेल लिहीत होता. सगळ्यांना दिसेल असा. की त्या आवराआवरीवर मी ऐकून पाहिलं लिहिलं ते मागं घेतो. ब्राझीलच्या गृहस्थांचं बरोबर होतं, त्यांची वायर आणि स्पीकर चांगले होते, चूक माझ्या कानाची आहे, मी त्यांची माफी मागतो. आणि माहितीये, कुणाला तरी वाटलं गंमत करतोय. त्यानं उत्तरात हसरा चेहरा टाकला. कंस आणि दोन टिंबं. उदयदादा त्याकडे बघत बसला. मी म्हणलं, लिही ना त्याला खरं काय ते. तर म्हणाला, खरंच लिहिलंय.

ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरलं. सगळे म्हणाले, आराम कर. तर याच्या डोक्यात एकच, की डावा कान कधीपासून गेला ते मला माहीत नाही, म्हणजे मी 'ऐकून पाहिलं' लिहिलेलं कुठलंच आता खरं धरता येत नाही. ते सगळं परत ऐकायचं. उजवा आहे तोवर. वंदनाकाकू म्हणाल्या, अरे, फुकटचं काम, कोण विचारणार आहे तुला? तो म्हणाला, "कुणी विचारत नाही आई. माझं नाव बघून पुढं जातात."

मग रोज ऑफिसातून आला की तेच. एकेक जुनं कार्ड काढायचं, लावायचं, हेडफोन सरळ घालून ऐकायचं, मग उलटा घालून ऐकायचं. दोन्ही वेळा उजव्याच कानानं. मी शेजारी बसायचे, त्याच्यानंतर माझी पाळी, मी पण सरळ-उलटा. माझे दोन्ही कान चांगले, मला गरज नव्हती. पण तो करायचा म्हणून मी पण. तिथून लागलेली सवय आहे सौरभ, समजलं?

मला घाई व्हायची. मी एकदा म्हणलं, दादा, डावीकडचं मी ऐकते, उजवीकडचं तू ऐक, अर्ध्या वेळात होईल, नाव तुझं टाक. पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "तू ऐकलंस तर तुझं नाव. माझ्या नावाखाली तुझे कान नकोत." आणि खरंच, त्यानंतर जे मी ऐकलं त्याखाली माझं नाव टाकायला लावलं. ऐकून पाहिलं, प्रणिता हिम्मतराव अमुक-तमुक. बाबांनी ते पान ऑफिसात नेऊन दाखवलं. कुणाला काही समजलं नाही, पण सगळ्यांनी छान म्हणलं.

आणखी एक करकर सापडली. एकच. इतकी दिवाळी-दसऱ्यासारखी साफसफाई केली आणि एक निघाली. मला वाटलं तो सुटल्यासारखा होईल. तो म्हणाला, म्हणजे कान तेव्हाच जायला लागला होता, आणि तारीख बघत बसला.

ऑपरेशन झालं. चेहरा थोडा वाकडा झाला, तो नंतर पुष्कळसा नीट झाला. डावा गेला, तो गेलाच होता. मग उजवा. डॉक्टर चार वर्षंसुद्धा म्हणाले होते, पण दुसऱ्या दिवाळीपर्यंत आई उजवीकडनं मोठ्यानं विचारायला लागली, आणि संक्रांतीपर्यंत विचारायची सोडून भाताचा डाव दाखवायला लागली. तो मला म्हणायचा, कुकरची शिट्टी मला आता तुझी आई उठते त्यावरनं कळते. हसत म्हणायचा. आपण काय करायचं, आपण पण हसायचं.

वाचायचं सोडलं नव्हतं. आवराआवरीचे मेल येतच होते, तो ओळ न् ओळ वाचतच होता, चुका पण काढायचा. आणि एका संध्याकाळी मी त्याच्या मागं उभी होते, त्यानं सगळं तपासलं, नाव टाकायला खाली आला, आणि लिहिलं, 'वाचून पाहिलं'. नुसतं. बोट थोडा वेळ तिथंच. मग पाठवून दिलं. मी मागं उभी आहे हे त्याला माहीत नव्हतं, माझी पावलं ऐकू आली नव्हती ना. मी तशीच खाली आले.

मग वंदनाकाकू न्यायला आल्या. कंपनीनं त्याला पुण्याच्या ऑफिसात बदली दिली होती. शेवटच्या आठवड्यात तो खोली आवरत होता, मी खाली माझ्या कॉम्प्युटरवर, आणि मेल आला. वरून खाली. सगळ्यांना पाठवलेला, आणि तपासणार कोण या जागी माझं नाव. आवराआवर, उदयदादाचीच. मी उघडलं. जिथं लिहिलेलं असतं ना, की हा ड्रायव्हर कोण सांभाळतो, ती त्याच्या नावाची ओळ काढलेली. कारणाच्या जागी लिहिलेलं, हा ड्रायव्हर सांभाळणारा आता ऐकू शकत नाही. ते ठीक. ते त्यानं मला सांगितलं होतं. पण खाली बघते तर आणखी एक ओळ काढलेली. फाईलच्या अगदी वर, जिथं हे पहिल्यांदा कुणी लिहिलं त्याचं नाव असतं, तिथलं पण. तो ड्रायव्हर मुळात त्यानंच लिहिलेला.

मी ते किती वेळा वाचलं काय माहीत. आणि मग त्यानंच शिकवल्यासारखं लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. माझं इंग्रजी बघा, थरथरत होतं. लिहिलं, सांभाळणाऱ्याची ओळ काढायला हरकत नाही. पण वरची ओळ राहू द्यावी. कार्ड सांभाळणं थांबतं, लिहिलेलं लिहिलेलंच राहतं. ही आवराआवर नाही. दुरुस्त करून परत पाठवा.

पाठवलं आणि बसले. वर काही हालचाल ऐकू येईना. भीती वाटली की मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर असं बोलायचं नसतं. तेवढ्यात ब्राझीलहून एक ओळ आली. त्या रेडिओवाल्याची. इतक्या दिवसांनी. लिहिलं होतं, मी हिच्याशी सहमत आहे.

थोड्या वेळानं दुरुस्त करून आलं. वरची ओळ जागच्या जागी. बाकी सगळं तेच, एक शब्द जास्त नाही, थँक्यू नाही काही नाही. फक्त माझं नाव होतं खाली, हिनं तपासलं म्हणून. मी लिहिलं, 'वाचून पाहिलं'. त्यात ऐकायचं काही नव्हतंच.

आईनं ताटं घेतली. मी सवयीनं जिन्यात जाऊन ओरडले, "उदयदादा, जेवायला ये." मोठ्यानं. वंदनाकाकूंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं मी काय केलं ते. मग आईच उठली, ओल्या हातानं, आणि दिवा दोनदा मिचकावला. वर दार वाजलं. तो खाली आला, पुस्तकांची धूळ शर्टाला लागलेली, नेहमीच्या जागी बसला. टेबल अजून भिंतीपासून लांबच होतं. आई उजवीकडनं आली, काही विचारलं नाही, भाताचा डाव दाखवला. त्यानं हातानं पुरे म्हणून सांगितलं.

आणि आईनं घातला नाही.